अंश सात

चांगुणा पाटील गोठिवलीची.
रबाळ्याच्या वळणावर, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला
पळसाच्या द्रोणांत जांभळं मांडून बसते,
वर चिमूटभर मीठ.
मी तिच्याकडे फळं मागत नाही.
माझं गिऱ्हाईकपण उलटं:
लोकांनी चोखून टाकलेल्या बिया दे.
"गर लोकानला, न् बिया तुला?"
हसते तेव्हा जीभ दिसते;
दुपारपर्यंत दोन द्रोण तिनेच संपवलेले.

नऊ किलो जमल्या.
धुतल्या. गच्चीवर सावलीत वाळवल्या,
समोरच्या रंगाच्या कारखान्याचा वास चुकवत.
दळल्या, मिथेनॉलमध्ये तीन दिवस बुडवल्या.
मग काचेचं गोल पोट
चाळीस अंशांच्या पाण्यावर फिरत राहिलं, फिरत राहिलं,
तळाशी उरली काकवीसारखी काळपट साय.
बोधनकर सर तिला 'क्रूड' म्हणतात.
म्हणताना नाक आपोआप वर जातं.

चाचणी सोपी आहे.
एक जांभळं द्रावण असतं, नुसतं बघत बसावं असं,
त्यातला प्रत्येक रेणू एका इलेक्ट्रॉनासाठी वखवखलेला.
त्यात आपला थेंब सोडायचा.
ज्याच्यापाशी द्यायला काही आहे, तो देतो
आणि रंग उतरू लागतो,
उतरत उतरत हळदीच्या पाण्यावर येतो.
पाचशे सतरा नॅनोमीटर. यंत्र आकडा सांगतं.
यंत्र हे सांगत नाही
की जांभळानेच जांभळा पुसला.
मी सरांना सांगितलं.
म्हणाले, प्रबंधात लिहू नकोस.

पुढे सिलिकाचा उभा स्तंभ,
अकरा दिवस थेंब मोजणं.
एक ते बारा अंश, बारा बाटल्या, माझं वाकडं अक्षर.
सातव्या बाटलीचा ठिपका
निळ्या दिव्याखाली एकटा उठला,
ना शेपूट, ना सावली.
शुद्ध.
अकरा मिलिग्रॅम.

नियम मोडून कुपी ओढणीच्या गाठीत बांधली,
वळणावर नेली.
चांगुणाने उन्हात धरली, तिरकी केली, हलवली.
"यवरासा?"
मी म्हटलं, मावशी, हे गंज थांबवतं.
माणसाच्या आतला.
तिने तागडीचं पारडं पुढे केलं, कडा खाल्लेली:
"हिला लावशील?"
नंतर बराच वेळ कुपीकडे बघत,
"मंग बाकीचा कुठं गेला?"

चोथा पिंपात भरून तळोज्याला.
मिथेनॉल उडालं, थोडं परत गाळून घेतलं.
अकरा अंश फ्रीजच्या खालच्या कप्प्यात,
बर्फाने पुसट झालेल्या चिठ्ठ्यांसह.
एवढंच उत्तर माझ्यापाशी होतं.
तिला ते उत्तर वाटलं नाही.

सोमवारी अंश सात तपासला.
रंग उतरला, पण रेंगाळत,
कुणी बळेच पाठवलंय तसा.
शेजारी त्याच मापाचा क्रूड सोडला,
तो चिकट, नाव नसलेला काळोख.
चहा घेऊन येईपर्यंत पिवळा.
पुन्हा केलं. पुन्हा.
सर म्हणाले यंत्र तपास. तपासलं.
सर म्हणाले पिपेट बदल. बदललं.
चौथ्यांदा ते स्वतः स्टुलावर बसले
आणि शेवटी चष्मा काढून डोळे चोळत राहिले.

श्रावणात पाहिलं तर कुपीतलं पांढरं
कडेने तपकिरी पडलेलं.
झाकण नीट बसलं नव्हतं.
दुसऱ्यांचा गंज थांबवणाऱ्याला
कपाटात एकटं ठेवलं, एवढंच झालं होतं.

वळणावर आता चांगुणा नाही.
तिथे कुणी मोबाईलची कव्हरं विकतो.

वहीत शेवटच्या रकान्यात मी लिहिलं होतं: 'टाकाऊ'.
ते खोडलं.
जागा रिकामी बरी दिसेना,
म्हणून तिचंच वाक्य उतरवलं, अवतरणचिन्हांत,
जसंच्या तसं.
सही करताना बोधनकर सरांनी ते वाचलं.
खोडा म्हणाले नाहीत.
पेनाचं टोपण शोधत राहिले,
जे त्यांच्या डाव्या हातात होतं.